स्ट्रीट रेसिंग गेम्स नव्याने सुरू करताय? आधी एक छोटी गाडी धरा

२००६ साली आमच्या लालबागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, आणि आत सहा कॉम्प्युटरपैकी एकावरच 'नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड' नीट चालायचा. त्या एका मशीनसाठी शाळा सुटल्यावर रांग लागायची. तेव्हापासून आजपर्यंत हा नाद सुटलेला नाही. आता भाचा, त्याचे मित्र, ऑफिसातली नवीन पोरं सगळे तेच तेच प्रश्न विचारतात: कुठला गेम घेऊ, स्टीअरिंग व्हील घेऊ का, माझी गाडी वळणावर भिंतीत का जाते, स्कायलाइन गाडीचं एवढं काय कौतुक. प्रत्येकाला तोंडी सांगून झालं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी ज्या ज्या ठिकाणी अडकलो तिथे तुम्ही अडकू नये एवढंच.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण नव्वद टक्के पोरं इथेच गंडतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात वेगवान गाडीच्या मागे लागू नका. छोटी गाडी घ्या आणि तिलाच बराच काळ धरून राहा. का ते पाचव्या पायरीत येईलच.

काय काय लागेल

- बरा पीसी किंवा लॅपटॉप. 'नीड फॉर स्पीड हीट'साठी किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड. आरामात खेळायचं तर १६ जीबी आणि जीटीएक्स १०६०
- ५० जीबी मोकळी जागा ('फोर्झा होरायझन ५' घेणार असाल तर ११० धरा)
- कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा गेमपॅड. हे मनापासून सांगतोय, कीबोर्डवर सुरुवात करू नका
- स्टीम (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) अकाउंट, ईए ('नीड फॉर स्पीड'वाली कंपनी) अकाउंट, आणि दोन्हींचे पासवर्ड वहीत लिहिलेले
- यूपीआय किंवा कार्ड
- लॅपटॉप असेल तर त्याखाली कूलिंग पॅड. आपल्याकडच्या मे महिन्यात पंख्याखाली बसूनसुद्धा लॅपटॉप तापतो, मग स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो आणि ऐन रेसमध्ये गेम अडखळायला लागतो

१. गेम ठरवा

सगळे रेसिंग गेम सारखे नसतात. सर्किटवर चालणारे, खऱ्या गाडीची नक्कल करणारे गंभीर सिम्युलेटर वेगळे, आणि रात्रीचं शहर, निऑन लाइट, मागे पोलीस, गाडीला स्वतःच्या हाताने लावलेला बॉडी किट हे वेगळं. तुम्हाला दुसरं हवं असेल तर माझ्या मते 'हीट'पासून सुरू करा. २०१९चा गेम आहे, पाम सिटी नावाचं मायामीच्या धर्तीवरचं शहर, दिवसा रेस करून पैसे मिळतात आणि रात्री रेप म्हणजे नाव मिळतं. सेलमध्ये किंमत भरपूर खाली येते, त्यामुळे घाई न करता सेलची वाट बघा. याच मालिकेतला २०२२चा 'अनबाउंड' दिसायला वेगळा आहे, टायरमधून कार्टूनसारखा धूर निघतो, काहींना आवडतो काहींना नाही, पण नवख्याला तो पैशासाठी फार झुलवतो. 'फोर्झा होरायझन ५' मेक्सिकोत आहे, गाड्या ढिगाने मिळतात पण तिथे पोलीस नाहीत, आणि गाड्या इतक्या सहज मिळतात की एकीशीही नातं जुळत नाही.

जपानी हायवेचं वेड असेल तर गेन्की कंपनीचा 'टोकियो एक्स्ट्रीम रेसर' बघा, २०२५ मध्ये तो परत आला. तिथे समोरच्याला हेडलाइट मारून आव्हान द्यायचं, मग दोघांच्याही नावाने एकेक पट्टी येते आणि जो मागे पडतो त्याची पट्टी उतरत जाते. फिनिश लाइनच नाही. मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो.

'नीड फॉर स्पीड'चेच जुने 'अंडरग्राउंड २' (२००४) आणि 'मोस्ट वॉन्टेड' (२००५) आजही सोनं आहेत, पण ते मिळवताना त्रास आहे, तो पुढे सांगतो.

२. विकत घेताना

स्टीमवर गेम घेतला तरी तो उघडताना ईएचं वेगळं ॲप सुरू होतं आणि तिथे वेगळं लॉगिन मागतं. पोरं इथे घाबरतात, त्यांना वाटतं फसवलं. तसं काही नाही, पण एक काळजी घ्या: स्टीमचं खातं ज्या ईए खात्याला पहिल्यांदा जोडाल त्यालाच ते चिकटतं. शाळेतला, आता बंद पडलेला ईमेल त्यात टाकलात तर पुढे सपोर्टशी डोकं लावत बसावं लागतं.

गेम तुमच्या मशीनवर चालेल की नाही शंका असेल तर स्टीमचा नियम लक्षात ठेवा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिल्या दिवशी सुरुवातीची गोष्ट बघत बसू नका, थेट शहरात जाऊन गाडी पळवून बघा, अडखळते का ते कळेल.

जुन्या गेम्सचं असं आहे की गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपतात आणि मग दुकानातून गेमच काढून टाकतात. याच मालिकेतले 'कार्बन', 'अंडरकव्हर', 'द रन' हे ३१ मे २०२१ ला असेच गेले. 'मोस्ट वॉन्टेड'चा २००५चा भाग स्टीमवर मिळतच नाही, तिथे त्याच नावाचा २०१२चा गेम दिसतो. तो वेगळा आहे, त्यात जुन्या गेमचा खलनायक रेझर नाही, गोष्ट नाही, गाडी मनासारखी सजवता येत नाही. नाव बघून भलताच घेऊ नका, माझ्या भाच्याने हेच केलं.

जुनी डिस्क मिळाली तर मागे सीडी की छापलेली आहे का आणि ती वाचता येते का बघा. शिवाय त्या काळच्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज १० पासून ते चालत नाही, म्हणजे डिस्क खरी असूनही गेम सुरू होत नाही. सगळ्यात सोपा मार्ग, घरात एखादा जुना विंडोज एक्सपी किंवा ७ चा कॉम्प्युटर धूळ खात असेल तर तो पुसून काढा. या गेमला ताकद अशी लागतच नाही. कुठल्याही अनोळखी साइटवरून 'फ्री फुल व्हर्जन' उतरवू नका, मित्राच्या लॅपटॉपमध्ये त्यातून व्हायरस शिरला आणि त्याचे कॉलेजचे प्रोजेक्ट गेले.

३. कंट्रोलर की व्हील

सरळ सांगतो, पहिले सहा महिने कंट्रोलर. हे गेम कंट्रोलर डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेत, गाडी क्षणात आडवी होते आणि क्षणात सरळ, आणि ९०० अंश फिरणारं व्हील तेवढ्या वेगाने हाताने फिरवणं नवख्याला जमत नाही. व्हील घ्यायचंच असेल तर पुढे सिम्युलेटरकडे वळणार आहात हे ठरवून घ्या.

मी माझं व्हील लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड घेतलं, लॉजिटेक जी२९. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं की चालत पाच-सात मिनिटं. दुकानदाराने बॉक्समधून काढून दाखवलं, चामडं छान, बटणं छान, मी खूश, पैसे दिले आणि लोकलच्या गर्दीत ते खोकं पोटाशी धरून घरी आणलं. रात्री लावलं तर ब्रेकवर पाय नसतानाच गेममध्ये ब्रेक लागत होता. गाडी चालता चालता आपोआप आचके खायची. पेडलच्या आतला सेन्सर झिजलेला. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "दादा, चेक करूनच नेलंत ना?" त्यात माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्ही जाल तेव्हा हे सगळं दुकानातच, समोर उभं राहून करून घ्या:

व्हीलचा पॉवर ॲडॅप्टर लावायला सांगा. अनेक जुन्या व्हीलसोबत ॲडॅप्टर गायब असतो आणि विकणारा म्हणतो यूएसबीवर चालतं. ॲडॅप्टरशिवाय फोर्स फीडबॅक (रस्त्याचा जोर हाताला जाणवणं) येत नाही, म्हणजे व्हील मेलेलं. पॉवर मिळाली की जी२९ स्वतःहून एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरतं आणि मध्ये येऊन थांबतं. त्या वेळी हात काढून घ्या आणि कान द्या. गिअरचा हलका आवाज येणारच, पण मध्येच टकटक किंवा अडकल्यासारखं झालं तर घेऊ नका.

मग पेडलची वायर. तिला नऊ पिनांचा रुंद जुन्या धाटणीचा प्लग असतो, आतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना बघा. नंतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत), एक छोटी खिडकी उघडते, त्यात प्रत्येक पेडलची पट्टी दिसते. पेडल अगदी हळू दाबा. पट्टी पाण्यासारखी सरकायला हवी. उड्या मारत असेल किंवा पाय काढल्यावर शून्यावर येत नसेल तर नको म्हणा. हां, जी२९चा ब्रेक मुळातच कडक असतो, आत रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे नुसता कडक लागला म्हणून बिघडलाय असं समजू नका.

घर छोटं असेल, वन रूम किचन असेल, तर व्हील लावायला फोल्डिंग टेबल वापरू नका, जोरात वळवलं की टेबलच चालायला लागतं. आमच्याकडे मी शिलाई मशीनच्या जुन्या टेबलाला व्हील कसलं आणि पेडलच्या मागे भिंतीला टेकवून लाकडी फळी लावली. दणदण आवाज खालच्या मजल्यावर जातो, पेडलखाली जाड पायपुसणं टाका, नाहीतर काकू वर येतात.

४. पहिल्या दिवशी बदलायच्या सेटिंग

'हीट'मध्ये लाइव्ह ट्यूनिंगचा मेनू आहे, रस्त्यावर असतानाच उघडतो. त्यात ड्रिफ्ट (गाडी आडवी घसरवत वळण घेणं) गॅसवर सुरू व्हावा की ब्रेकवर हे निवडता येतं. मुळात तो गॅसवर असतो, म्हणजे वळणात ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की गाडी आडवी. नवख्याला कळतच नाही की आपण काही केलं नसताना गाडी का घसरली. ते ब्रेकवर टाका. या एका बदलाने निम्म्या तक्रारी संपतात.

मोशन ब्लर कमी करा, बॉनेट किंवा जवळचा मागचा कॅमेरा घ्या, संगीताचा आवाज इंजिनपेक्षा खाली ठेवा. गिअर कधी बदलायचा ते कानाने कळतं.

५. पहिली गाडी

'मोस्ट वॉन्टेड'मध्ये सुरुवातीला फियाट पुंटो, शेवरले कोबाल्ट, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि लेक्सस आयएस३०० यातली एक घेता येते. सगळे लेक्सस नाहीतर गोल्फ घेतात. मी पुंटो घेतली होती कारण ती ओळखीची वाटली, आणि नंतर २००९ पासून तिचीच पुढची पिढी ग्रँड पुंटो म्हणून रांजणगावात बनून आपल्या रस्त्यांवर दिसायला लागली तेव्हा मला नात्यातलं कोणी भेटल्यासारखं व्हायचं.

छोटी गाडी का, तर ती चूक माफ करते. वळणात जरा जास्त वेगाने शिरलात तर ती पुढच्या बाजूने थोडी बाहेर सरकते, तुम्ही पाय उचलता, ती परत लाइनवर येते. तेवढ्यात तुम्हाला कळतं की ब्रेक कुठे मारायला हवा होता. हेच तुम्ही मागच्या चाकांवर पाचशे हॉर्सपॉवर टाकणाऱ्या गाडीत केलंत तर एका क्षणात तोंड फिरतं, आणि का फिरलं ते डोक्यात शिरायच्या आत भिंत येते. निदान पंधरा-वीस रेस एकाच गाडीवर करा. एकच वळण शंभर वेळा तीच गाडी घेऊन मारलं की हाताला आपोआप समजायला लागतं.

६. मॉडिफाय करण्याचा क्रम

पैसे हातात आले की सगळे धावतात टर्बो आणि नायट्रसकडे (बटण दाबलं की गाडीला थोडा वेळ जादा जोर देणारा गॅस). मीही तेच करायचो, आणि सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे जाऊन पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या मागे यायचो. क्रम असा ठेवा.

आधी टायर. गाडी रस्त्याला धरते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ब्रेक, वळण, वेग सगळं तिथूनच जातं, त्यामुळे टायर सुधारला की बाकी सगळं एक पायरी वर जातं. मग ब्रेक आणि सस्पेन्शन. त्यानंतर इंजिन, एक्झॉस्ट, टर्बो. नायट्रस शेवटी.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या बाजूने जास्त हवा आत कोंबतो. मोठा टर्बो घेतला की पंखा गती घ्यायला वेळ लावतो, तेवढा वेळ गाडी मंद, मग एकदम ढकलते. याला लॅग म्हणतात. शहरातल्या वळणावळणाच्या रेसला छोटा टर्बो किंवा सुपरचार्जर बरा, हायवेला मोठा. 'हीट'मध्ये ड्राइव्हट्रेन आणि सस्पेन्शन निवडताना एक चौकोन दिसतो, त्याच्या एका अक्षावर रोड ते ऑफरोड आणि दुसऱ्यावर रेस ते ड्रिफ्ट. तो ठिपका अर्धवट मध्ये ठेवला की गाडी कशातच धड राहत नाही. एका गाडीला एकच काम द्या.

'मोस्ट वॉन्टेड'मध्ये ब्लॅकलिस्टमधल्या (पंधरा रेसरांची यादी) प्रत्येकाला हरवल्यावर मार्कर, म्हणजे बक्षिसं, निवडायला मिळतात, त्यातले दोनच घेता येतात. झाकलेल्या मार्करमध्ये त्याच्या गाडीचे कागदसुद्धा असतात. मोह होतो, तरी एक मार्कर परफॉर्मन्सच्या पार्टसाठी ठेवा.

रंग, विनाइल, बॉडी किट यावर मी काही सांगणार नाही, ती तुमची गाडी आहे. फक्त एवढंच की 'मोस्ट वॉन्टेड'मध्ये याचा उपयोगही आहे. रंग किंवा बॉडी बदलली की त्या गाडीची हीट, म्हणजे पोलिस तिच्या किती मागे आहेत ती पातळी, खाली येते.

७. मागे पोलीस लागले की

हीट वाढते तसे पोलीस तगडे होतात. 'हीट'मध्ये रात्री कमावलेली रेप तुम्ही गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तुमची नसते, पकडले गेलात की बरीचशी जाते. त्यामुळे लेव्हल तीनला पोचल्यावर अजून एक रेस करू का असं मनात आलं की आधी नकाशावर जवळचं गॅरेज बघा. पेट्रोल पंपातून गाडी नेली की ती दुरुस्त होते, पण एका रात्रीत तीनदाच. पहिली दुरुस्ती किरकोळ ओरखड्यांवर वाया घालवू नका.

८. ज्या गाड्यांची नावं सगळे घेतात

हे कळलं की गेममधली गाडी निवडताना मजा दुप्पट होते, म्हणून जरा सविस्तर.

निसान स्कायलाइन जीटी-आर. १९८९ची आर३२ जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत उतरली आणि १९९० ते १९९३ मध्ये तिने २९ पैकी २९ रेस जिंकल्या. ऑस्ट्रेलियात तिला गॉडझिला म्हणायला लागले, १९९१ आणि १९९२ ला तिथली बाथर्स्टची मोठी रेसही मारली. आत आरबी२६ इंजिन, २.६ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. कागदावर ताकद फक्त २८० पीएस, कारण जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की यापेक्षा जास्त आकडा लिहायचा नाही. तो समजूतदारपणा २००४ पर्यंत टिकला. इंजिन मात्र रेससाठी बांधलेलं, त्यामुळे ट्यूनरना, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्यांना, आत भरपूर वाव मिळाला.

टोयोटा सुप्रा ए८०, १९९३ ते २००२. तिचं २जेझेड इंजिन तीन लिटरचं, ब्लॉक बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड पण दणकट. कारखान्यातून आलेला ब्लॉक तसाच ठेवून दुप्पट ताकद काढणारे लोक आहेत. पॉल वॉकरने पडद्यावर चालवलेली केशरी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला लिलावात गेली.

माझदा आरएक्स-७ एफडी. हिच्यात पिस्टनच नाहीत, दोन तिकोनी रोटर फिरतात, कागदावर इंजिन जेमतेम १.३ लिटरचं. हलकं आणि बॉनेटमध्ये खूप मागे बसवलेलं, म्हणून गाडीचं तोंड पटकन वळतं. जपानमधला आरई अमेमिया हा तिचा नावाजलेला ट्यूनर.

टोयोटा एई८६, १९८३ ते १९८७. १.६ लिटर, वजन टनाच्या आत, ताकद मागच्या चाकांना. ड्रिफ्टचा बादशहा म्हणतात तो जपानी ड्रायव्हर केइची त्सुचिया घाटातल्या वळणांवर असल्या गाडीत तयार झाला. 'अंडरग्राउंड २'मध्ये ही कोरोला सुरुवातीलाच घेता येते, ड्रिफ्ट शिकायला हिच्यासारखी नाही. आपल्याकडे जुन्या होंडा सिटीच्या १.५ व्हीटेकवर, १०६ बीएचपीवर, पोरांनी जो जीव टाकला त्यामागेही हेच होतं, हलकी गाडी आणि वर चढत जाणारं इंजिन.

आणि स्मोकी नागाता. टॉप सिक्रेट नावाच्या ट्यूनिंग गॅरेजचा मालक. याने सुप्रामध्ये टोयोटा सेंच्युरीचं पाच लिटरचं व्ही१२ इंजिन बसवून त्यावर दोन टर्बो लावले आणि इटलीच्या नार्दोच्या टेस्ट ट्रॅकवर ताशी साधारण ३५८ किलोमीटर गाठले. पण त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, तो इंग्लंडमधल्या सार्वजनिक मोटरवेवर सुप्रा घेऊन उतरला होता, ताशी ३१७ किलोमीटर, आणि पोलिसांनी त्याला तिथेच उचलला.

९. खऱ्या रस्त्यावर

गेम खेळून झाला की बांद्रा-वरळी सी लिंक किंवा कोस्टल रोड वेगळाच दिसायला लागतो, मला माहीत आहे, माझंही झालंय. तिथे करू नका. सरळ रस्त्याला कोस्टल रोडवर ८०ची मर्यादा आहे, बोगद्यात ६०ची. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर रेस लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गाडीत बदल करायचा असेल तर कलम ५२ वाचा, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुम्हाला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कोणीही बसवून देईल, नाकाबंदीला उभं राहायला मात्र तो येणार नाही. माझ्या चुलतभावाची गाडी सायनला अडवली तेव्हा रात्री दोनला आरसी, इन्शुरन्स, पीयूसी शोधत आम्ही घरभर फिरत होतो. खरीच पळवायची असेल तर पैसे साठवा आणि चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर ट्रॅक डे (सामान्य लोकांना ट्रॅकवर गाडी चालवू देतात तो दिवस) असेल तेव्हा जा.

१०. एम३ जीटीआर

ही मुद्दाम शेवटी ठेवली. बीएमडब्ल्यूची साधी ई४६ एम३ सहा सिलिंडरची, ३.२ लिटर. जीटीआर रेसिंगसाठी बनवलेली, चार लिटरचं व्ही८. २००१ मध्ये अमेरिकन ल मॉन्स सिरीजमध्ये आपल्या वर्गात तिने सगळ्यांना धुतलं, पुढच्या वर्षी रस्त्यावर विकायच्या गाड्यांची संख्या वाढवणारा नियम आला आणि ती तिथून बाहेर पडली. २००५ मध्ये 'मोस्ट वॉन्टेड'ने तिला निळ्या-चंदेरी पट्ट्यांत आणलं आणि आमची पिढी तिच्या मागे वेडी झाली.

गेममध्ये ती सुरुवातीलाच तुमच्या हातात येते, रेझर ती बिघडवून घेऊन जातो, आणि मग पंधरा जणांना हरवून शेवटी परत मिळते. पुंटो किंवा गोल्फवर शिकलेले हात घेऊन तिच्यात बसाल तेव्हा पहिल्या दोन-तीन वळणांत ती अंगावर येईल, इतकी तिची वळण घेण्याची घाई असते. स्टिक पूर्ण टोकाला नेऊ नका, अर्ध्यावर ठेवा, ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा मारा. शेवटी मागे पोलीस अधिकारी क्रॉस आणि अख्खं पोलीस खातं लागलेलं असतं, तेव्हा स्पीडब्रेकरचं (गेममधला वेळ थोडा वेळ संथ करणारं) बटण उगाच दाबू नका, रोडब्लॉकच्या फटीसाठी राखून ठेवा. पुलावरून उडी मारायची खूण नकाशावर आली की नायट्रस भरलेला असू दे.